बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे



ज्यांच्यावरून आपल्या कर्वेनगराला नाव मिळाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाच्या ठिकाणी एका शास्त्रीबुवांच्या पोटी एक मुलगी जन्माला आली. गंगामूळ आज कर्नाटकात आहे. तीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून ओळखली गेली. मुलांना शाळेत सोडताना आपण रोज कर्वे यांच्या संस्थेसमोरून जातो, पण या संस्थेच्या मुळाशी रमाबाईंचाही थोडा हात आहे हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ते पुढे येईलच.

आज त्यांचे चरित्र सांगायला घेतले आहे ते समाजसुधारक म्हणून नव्हे. गेल्या उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीने आम्हाला विचारले होते की, जन्मल्याबरोबर आपला बाप्तिस्मा झाला, दर रविवारी मिस्साही चुकत नाही, तरी आत काही बदलले आहे असे का वाटत नाही? त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण आमचेच समाधान झाले नाही. नंतर रमाबाईंचे आत्मकथन पुन्हा वाचले तेव्हा हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसला, आणि तोही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. रमाबाई कॅथलिक नव्हत्या हे आधीच सांगून टाकतो. त्यांची काही मते आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी जुळणारी नाहीत. तरीही पुण्याच्या मातीत पवित्र आत्म्याने एका जिवाला कसे हळूहळू घडवले, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात आम्हाला दिसलेले नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना स्वतः शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे घरचे वैभव गेले आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करीत भारतभर फिरू लागले. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचे, देवळाच्या आवारात पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम. लहानग्या रमेला आईने तोंडी संस्कृत शिकवले. हजारो श्लोक तिला पाठ झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीइतके संस्कृत त्या काळी फार थोड्या पुरुषांना येत असेल.

मग दुष्काळ आला. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागायची लाज, अशा स्थितीत जवळचे होते नव्हते ते सारे संपले. देव प्रसन्न व्हावा म्हणून उपासतापास झाले, दानधर्म झाला. काही दिवस रानातल्या पाल्यावर काढले. १८७४ साली वडील गेले. त्यांच्या पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीणही. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिरडी खांद्यावर घेऊन उंची जुळेना, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान काही मैल दूर होते. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींसाठी ही बाई जिवाचे रान करते, त्यावेळी ही तिरडी आपण ध्यानात ठेवावी.

भाऊ आणि बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे २० वर्षांचे. बाहेरून पाहता हा मोठाच मान होता, पण आत पोकळी निर्माण झाली होती. ज्या देवांसाठी आईवडिलांनी आयुष्य झिजवले त्यांच्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. स्त्रियांच्या कर्तव्यावर व्याख्याने देता यावीत म्हणून तिने धर्मशास्त्रे वाचायला घेतली आणि स्त्रीला व शूद्राला त्यांत कुठे बसवले आहे ते पाहून ती अस्वस्थ झाली. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे नोंदणी पद्धतीने विवाह झाला. आसामकडच्या सिल्चर गावी पतीच्या पुस्तकांत तिला बंगालीतले संत लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तिला आवडले, पण पतीला हे वाचन फारसे रुचले नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेला. हाती दहा महिन्यांचे लेकरू, आणि माहेर नाही की सासर नाही.

त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि पुस्तक लिहून विलायतेच्या प्रवासखर्चाची तजवीज केली. डॉक्टर व्हावे अशी इच्छा होती, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ती फळाला आली नाही. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहायला गेल्या. जाताना, आपण धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले होते.

धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रम होता. एके काळी स्वतः तशाच आयुष्यात असलेल्या काही स्त्रिया आता दुसऱ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाई चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईला दारात कोणी उभे करीत नाही हे त्यांना माहीत होते. असे का करता, हे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली ती परक्या जातीची बाई, आणि तिच्याशी निवांत बोलत बसलेला तहानलेला येशू. त्या दिवशी त्यांच्या मनात काहीतरी हलले. पुढे नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाने त्यांच्या बुद्धीचेही समाधान केले. हे गोरे म्हणजे फादर नेहेम्या, स्वतः महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्याच सुमारास, भारतातून सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली आणि रमाबाई हादरून गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, प्रमुख देवदूत मीखाएल याच्या सणादिवशी, रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

बहुतेक चरित्रे इथे निःश्वास टाकतात, जणू आता गोष्ट संपली. आमच्या मते गोष्ट इथून सुरू होते.

बाप्तिस्म्यानंतरची रमाबाई पाहिली तर ती वाद घालणारी, हट्टी, सहजासहजी मान न तुकवणारी बाई दिसते. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि त्या यांच्यातला पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. पवित्र त्रैक्याविषयी त्यांना शंका होत्या, ख्रिस्ताच्या दैवी स्वरूपाविषयीही होत्या. सिस्टरांनी आज्ञाधारकपणाचा आग्रह धरला की त्या उत्तर देत की सद्सद्विवेकबुद्धी कोणाच्या हाती देता येत नाही. खाण्यापिण्यात त्या शाकाहारी राहिल्या, अंड्यालाही शिवल्या नाहीत, आणि सिस्टरांना त्यात जातीचा गर्व दिसला. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आम्हा भारतीयांना संस्कृत का चालू नये, असेही त्यांनी विचारले. (हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेने अधिकृतपणे मनावर घेतला तो जवळजवळ ८० वर्षांनी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला बुद्धीची संमती आणि हृदयाची संमती यांतला फरक शिकवला गेला होता. परीक्षेत त्यावर आम्ही पानभर लिहिलेही होते. रमाबाईंच्या बाबतीत तो फरक जिवंत दिसतो. खरे सांगायचे तर या वादांत आम्ही कधी सिस्टरांच्या बाजूचे असतो, कधी रमाबाईंच्या. त्रैक्याच्या बाबतीत सिस्टर बरोबर होत्या. पण ज्या बाईने एकदा सगळी श्रद्धा गमावली होती तिला दुसऱ्यांदा उसनी श्रद्धा घ्यायची नव्हती, हेही समजण्यासारखे आहे. जे पटले नाही ते पटले म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही, आणि प्रार्थनाही सोडली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणे किती अवघड असते ते प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्यालाच कळेल.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन होऊन तिने १० वर्षे मदत देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे धर्म शिकवला जाणार नाही, प्रत्येक मुलीने आपापला धर्म पाळावा, असे ठरलेले होते. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे होती. काम यशस्वी झाले, नाव झाले, जगभरातून पैसा येत होता.

अशा वेळी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो चांगलाही आहे, पण ज्याच्यामुळे त्या धर्माला प्राण आहे तो ख्रिस्त मात्र आपल्याला अजून भेटलेला नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. सगळे जग आपल्याला आदर्श ख्रिस्ती म्हणत असताना असे कबूल करायला धैर्य लागते. याच काळात त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूचे पुस्तक आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे धर्मगुरू म्हणून काम करीत होते आणि एका रविवारी, स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन देता देता, त्यांचे स्वतःचे परिवर्तन झाले. (हे वाचताना आम्हाला जरा अवघडल्यासारखे झाले हे लपवत नाही. आमचे प्रवचन ऐकून एखाद्याचे परिवर्तन व्हावे अशी आमची इच्छा असते. तो एखादा आम्हीच असू शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही.)

पुस्तक वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले. आपण आपल्या विद्वत्तेवर, आपल्या चांगल्या कामांवर आणि धर्माच्या योग्य समजुतीवर उभ्या आहोत असे त्यांना दिसले. पापी म्हणून, हातात काहीही न घेता, येशूसमोर आपण कधी उभ्याच राहिलो नव्हतो. त्यांनी सारे ख्रिस्ताच्या हवाली केले. हे एका रात्रीत घडले नाही. महिनोन्‌महिने पवित्र शास्त्र वाचणे, रडणे, पुन्हा वाचणे असे चालले होते. शेवटी जे आले त्याचे वर्णन त्या शांती आणि आनंद या दोनच शब्दांभोवती करतात. ज्या शंकांवर मोठमोठी पत्रे झडली होती त्यांची धार या काळानंतर गेलेली दिसते.

बदल आत झाला, पण तो बाहेर दिसू लागला आणि त्याची किंमत मोजावी लागली. सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, दार उघडे असे. मुली हळूहळू येऊन बसू लागल्या. काहींची श्रद्धा जडू लागली. शहरात बोभाटा झाला, केसरीने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. या बाबतीत दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे. पालकांनी धर्मनिरपेक्ष संस्था म्हणून मुली पाठवल्या होत्या, त्यांच्या संतापाला काहीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की मी कोणाला बोलावत नाही, पण स्वतःच्या घरात देवाची प्रार्थना दार लावून करणार नाही.

याच शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई जोशी, बालविधवा. मार्च १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच बाया कर्वे. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर आणला. ते हिंगणे म्हणजे आपले कर्वेनगर. कर्वे यांनी आपली संस्था हिंदू समाजाला विश्वास वाटेल अशा पद्धतीने चालवली, रमाबाईंची वाट वेगळी झाली. पण टाकलेली मुलगी शिकली तर काय होऊ शकते हे कर्वे यांनी आपल्या घरातच पाहिले होते, आणि ते शिक्षण गोदूबाईंना शारदा सदनात मिळाले होते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातमी आली आणि रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या तिकडे गेल्या. पोटे खपाटीला गेलेली, हाडांचे सापळे झालेली मुले आणि अनाथ मुलींना पळवायला टपलेली माणसे त्यांनी पाहिली. त्यांनी सुमारे ३०० मुली-बायकांना आणले. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवायची परवानगी मिळेना, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगाव येथे घेतलेल्या शेतात झोपड्या आणि मांडव उभारले. तेच मुक्ती सदन.

या मुली शारदा सदनातल्या ब्राह्मण मुलींसारख्या नव्हत्या. नाना जातींच्या, रोगट, चोरून अन्न लपवणाऱ्या, शिवीगाळ करणाऱ्या. कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई आता या मुलींच्या उवा आणि खरूज काढीत होती. रमाबाईंच्या अंतःकरणात किती बदल झाला होता हे आम्हाला इथे सर्वांत जास्त पटते. १८८३ मध्ये फुलहॅमला जे पाहून त्या चकित झाल्या होत्या तेच त्यांनी केडगावला उभे केले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, अंध स्त्रियांना शिक्षण मिळू लागले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत सुमारे दोन हजार जणी होत्या. अमेरिकेने दिलेल्या वचनाची १० वर्षे १८९८ मध्ये संपली होती. शेती, विणकाम, छापखाना आणि देणग्या यांवर सारे चालत होते. उद्याचे धान्य कुठून येणार हे अनेकदा आज माहीत नसे.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रडून पापांची कबुली देऊ लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालल्या, काही विलक्षण प्रकारही घडले. अशा घटनांबाबत आपली ख्रिस्तसभा घाई न करता पारख करायला सांगते आणि आम्हीही इथे जास्त बोलत नाही. पण त्यानंतर भांडणे मिटली, चोरलेल्या वस्तू परत आल्या, मुली गावोगाव सेवेला निघाल्या. फळावरून झाड ओळखावे हा प्रभूचाच नियम आहे.

उरलेली वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. मराठीतले पवित्र शास्त्र खेड्यातल्या बायकांना अवघड जाते असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या घरात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत अनुवाद करू लागल्या. श्लोक मुखोद्गत असलेली ही संस्कृत पंडिता आता मोलकरणीला कळेल असा शब्द शोधीत बसे. पाने जुळवणे, छापणे, दुमडणे, सारे मुक्तीच्या मुली करीत. काही वर्षांपूर्वी त्यांतल्याच कित्येकींना अक्षरओळख नव्हती.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यासाठी विधवा आईने समुद्र ओलांडला, जिच्या हाती सारे काम सोपवायचे होते, ती एकुलती एक मुलगी ४० व्या वर्षी गेली. रमाबाई दमल्या होत्या, छातीचा विकार होता. अनुवाद मात्र थांबला नाही. शेवटची मुद्रिते तपासायला आणखी थोडे दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली होती असे सांगतात. मुद्रिते पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेतच, त्यांनी देह ठेवला. छापखान्यातल्या मुलींनी उरलेली पाने जुळवली, आणि १९२४ मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र बांधून बाहेर पडले.